वेंकोबाराव सरांची चारशे बारावी ओळ

सेतुराव अज्जा आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका मंगळवारी वारले आणि गुरुवारी सकाळी स्वतःच्या पायांनी तक्रार करायला आले. दारात त्यांनी चपला काढल्या, कारण चपला काढल्याशिवाय त्या लॅबमध्ये कुणालाच, अगदी मयतालाही, प्रवेश नव्हता. आत येऊन त्यांनी आमच्या सरांना विचारलं, "वेंकोबा, मी कधीं गेलों?"

हे कसं झालं ते सांगते. पण त्याआधी वेंकोबाराव सर कोण ते सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष त्यांच्या माथी बसेल. अर्धाच त्यांचा होता.

मी तंजावूरची मराठी. आमच्यात मराठी बोलतात, लिहीत कुणी नाही. देवनागरी मी पुण्यात नोकरीला आल्यावर शिकले, तीही दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. नोकरी डेटाबेसची. ऑफिसात कुणी विचारलं की हे तू कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलीस, तर मी सांगते की अकरावी-बारावीत, एका केळीच्या पानावर. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय.

सर मुळात गणिताचे. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा कुणीतरी सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बाकीच्या सगळ्या शिक्षकांची तब्येत त्याच आठवड्यात बिघडली आणि सर तेवढे ठणठणीत राहिले, म्हणून ते गेले. परत आले ते या विषयाच्या प्रेमात पडूनच. सडपातळ अंगकाठी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर अंगाऱ्याची बारीक उभी रेघ. आमच्याकडे म्हातारी माणसं कपाटाची किल्ली जानव्याला बांधतात. सरांनी जानव्याला पेनड्राइव्ह बांधला होता. फाइल हवी असली की ते भिंतीकडे तोंड करत, शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या सोडत आणि तसेच वाकून जानव्यासकट पेनड्राइव्ह मशीनमध्ये घालत. फाइल उतरेपर्यंत त्यांना हलता येत नसे. मोठी फाइल असली तर आम्ही तेवढ्यात डबा खाऊन घ्यायचो.

लॅबमध्ये अकरा मशीन होती, त्यांतली सात चालत. धूळ बसू नये म्हणून सरांच्या बायकोनं, कोकिळा मामींनी, आपल्या जुन्या सुंगडी साड्या फाडून सगळ्यांना झबली शिवली होती. मशीनना नंबर होते, पण सर साडीच्या रंगानंच ओळखत. "आंब्याच्या रंगावर कोण बसलंय? तिथून व्हायरस येतोय," असं ते ओरडत. मामी एकदा शाळेच्या गॅदरिंगला आल्या तेव्हा लॅबमध्ये डोकावून म्हणाल्या, "माझं अर्धं कपाट हितं अहे." त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट हिरव्या साडीची शिवण उसवली होती, ती त्यांनी तिथंच उभ्याउभ्या टाचून दिली.

पहिल्या दिवशी सर वर्गात केळीचं पान घेऊन आले. टेबलावर अंथरलं, पाणी शिंपडलं. आम्हाला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे.

"हें टेबल," सर म्हणाले. "मीठ वर डावीकडे. लोणचं त्याच्या शेजारीं. भात मध्यें. पायस खालीं उजवीकडे. हे झाले रकाने. आतां मिठाच्या जागीं पायस वाढलं तर काय होईल?"

सेल्वी माझ्या बाकावर बसायची. तमिळ मुलगी, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण वर्गात सगळ्यांत हुशार. सरांचं मराठी-तमिळ-इंग्रजी मिसळलेलं बोलणं तिला बरोबर कळायचं. ती तमिळमध्ये म्हणाली, "खाऊ, सर."

"तूं खाशील. मशीन खात नाहीं." मग त्यांनी पानावरच्या एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं भाजी नाहीं. म्हणजे भाजी शून्य अहे का? नोहे. भाजी यायची असेल. चिरत असतील. कदाचित केलीच नसेल. आम्हांस ठाऊक नाहीं, इतकंच. रिकामं आणि शून्य एक नोहे."

हे वाक्य दोन वर्षांत मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. पुढे त्याला त्यांनी आणखी एक जोड दिली. शेजारी दुसरं पान मांडलं, त्यातही भाजीची जागा मोकळी. "दोन्हीकडे रिकामं अहे. म्हणून दोन्हीकडे एकच भाजी येणार का? कोणास ठाऊक. तर रिकाम्याची बरोबरी रिकाम्याशीं करूं नका. 'रिकाम्याइतकं कोण अहे' असं मशीनला विचाराल तर तें कोणालाच दाखवणार नाहीं. 'रिकामं अहे का' असं विचारा, मग दाखवील." हा धडा आम्ही महिनाभर घोकला. परीक्षेत हमखास विचारतात म्हणून. तो माझ्या किती कामी येणार आहे याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

आणि तिसरं त्यांचं तत्त्व, विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. मशीन देत नाही, म्हणून सरही देत नसत. एकदा हेडमास्तरीणबाई अर्धा तास आपला चष्मा शोधत लॅबमध्ये फिरल्या. तो त्यांच्या डोक्यावर होता. त्या गेल्यावर आम्ही सरांकडे बघितलं. "त्यांनीं विचारलं नाहीं," सर म्हणाले.

आता नावांचं. आमच्यात आडनाव नसतं. बापाच्या नावाचं आद्याक्षर, मग आपलं नाव, मग राव, संपलं. आणि थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं हा रिवाज. सरांच्या घराण्यात भीमाराव, वेंकोबाराव, भीमाराव, वेंकोबाराव असं सात पिढ्या चाललं होतं. सर होते बी. वेंकोबा राव. त्यांचे आजोबाही बी. वेंकोबा राव. घर तेच, गल्ली तीच. सरांचा मुलगा व्ही. भीमा राव, आम्ही त्याला भीमू अण्णा म्हणायचो, बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये होता. तोही सरांचाच विद्यार्थी. आम्ही बारावीत गेलो त्या आषाढात कळलं की भीमू अण्णाच्या बायकोला दिवस गेलेत.

सरांनी ही बातमी आम्हाला त्यांच्या पद्धतीनं दिली. आमच्या वर्गाला बोर्डाच्या प्रॅक्टिकलसाठी एक प्रकल्प करायचा होता. सरांनी ठरवलं की गावातल्या मराठी मंडळींची नोंदवही कॉम्प्युटरवर करायची. नमुना म्हणून फळ्यावर त्यांनी शेवटची एक ओळ आखली. क्रमांक चारशे बारा; तोच का, ते आम्ही विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. वडिलांचं नाव, व्ही. भीमा राव. नावाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

"हें रिकामं ठेवलं," ते म्हणाले. "अत्तांच लिहायचं नाहीं, दृष्ट लागेल. पण काय येणार तें मज ठाऊक अहे."

आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मामींनी घरी विचारलं म्हणे, मुलगी झाली तर? "तर माझी आई," सर म्हणाले. त्या वर्षी त्यांना दुसरं काही नको होतं. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं, त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. पण चारशे बाराचा विषय निघाला की खडू खाली ठेवत आणि हात पुसत.

नोंदवहीसाठी आम्ही फॉर्म घेऊन घरोघर फिरलो. फॉर्ममध्ये साधा प्रश्न होता, घरातल्या पुरुषांची नावं. इथं घोळ झाला. आमच्या म्हाताऱ्यांना नावं सांगायची एकच पद्धत येते, ती म्हणजे तर्पणाची. आधी बाप, मग आजा, मग पणजा. मी पेन उघडायच्या आत त्यांची तीन पिढ्यांची गाडी सुटलेली असायची, आणि स्वतःचं नाव ते अगदी शेवटी, कुणीतरी आठवण केल्यावर सांगत. जन्मतारखेच्या जागी तिथी आणि नक्षत्र. आम्ही मुलांनी सांगितलं ते सगळं इमानानं लिहून घेतलं आणि तसंच टाइप केलं. मेलेल्यांच्या नावापुढे खूण करायची हे सरांनी सांगितलं होतं, तीही केली. फार तर दोनशे माणसं असतील असं वाटलं होतं. सरांच्या राखीव ओळीच्या थेट तोंडाशी, चारशे अकरावर गाडी थांबली.

मधेच श्रावणी आली. सर तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर गेले, नवं जानवं घातलं, जुनं रीतीप्रमाणे पाण्यात सोडलं. पेनड्राइव्ह जुन्याला होता. मामी सांगत की सर गुडघाभर पाण्यात बराच वेळ हात घालून उभे होते आणि भटजींना वाटत होतं यांची भक्ती फार. त्या दिवसापासून सरांचा बॅकअप या गोष्टीवरचा विश्वासच उडाला. आमच्याकडे उरले फक्त कागदी फॉर्म.

तर तो मंगळवार. सरांनी यादी चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं की तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतायत. नाव तेच, आद्याक्षर तेच, गल्ली तीच. त्यांना वाटलं आम्ही पोरांनी दोन-दोनदा टाइप केलंय. ते सेल्वीला म्हणाले, "तिन्ही रकाने सारखे असतील तिथं वरची ओळ ठेव, खालची पूस." आणि मीटिंगला गेले. सेल्वीनं एका हुकमात काम केलं. चारशे अकरा ओळी तीनशेच्या आत आल्या. यादी छापून बुधवारी मराठी मंडळींच्या हॉलमध्ये लावलीसुद्धा.

वरची ओळ आजोबांची असायची, कारण तर्पणात आधी तेच येतात. खालची नातवाची. म्हणजे मेलेले सगळे राहिले आणि त्यांची नावं चालवणारे जिवंत एकजात गेले.

गुरुवारी सेतुराव अज्जा आले ते असे. वय ऐंशीच्या पुढे, हातात छत्री, आवाज खणखणीत. यादीत 'आर. सेतु राव' होते, आणि पुढे मयताची खूण होती.

"तो माझा अज्जा," ते म्हणाले. "त्याला गेल्यास साठ वर्षं झालीं. तो यादींत अहे आणि मी नाहीं. हा काय न्याय?"

सरांनी फॉर्म काढले, यादी पाहिली आणि खुर्चीवर बसले. मग स्वतःचं नाव शोधलं. निघाले त्यांचे आजोबा. "मीहि गेलों," ते हळूच म्हणाले.

"तूं तुझं बघ. मला अत्ता घाल."

पण त्या दिवशी सरस्वतीपूजा होती. सकाळीच आम्ही अकराही मशीनना गंध-कुंकू लावलं होतं, कीबोर्डांवर फुलं ठेवली होती, माउसच्या गळ्यात जाईचा गजरा होता. त्या दिवशी पुस्तकाला, हत्याराला हात लावत नाहीत. सरांनी मशीनकडे बघितलं, मग अज्जांकडे. सेतुरावही मशीनकडे बघत होते. शेवटी त्यांनीच हात जोडले.

"पूजेचा दिवस. हात लावूं नका. राहतों मी आजचा दिवस असाच."

प्रसादाचं सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, खाऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, विद्येला आरंभ करायचा दिवस. सकाळी साडेआठला ते लॅबमध्ये हजर. सगळ्यांत पहिली ओळ आम्ही त्यांची टाइप केली. सेल्वीनं अक्षरं लिहिली आणि अज्जांनी स्वतः एंटर दाबलं. बाकीची माणसं कागदावरून परत भरायला आम्हाला दिवाळी उजाडली.

सरांनी आता नावाऐवजी प्रत्येकाला नंबर दिला, म्हणजे पुन्हा गोंधळ नको. त्यावरूनही भांडणं झाली. आठ नंबर शनीचा म्हणून कुणी घेईना. तो शेवटी सरांनी स्वतः घेतला. सेतुरावांना एक हवा होता, तो मिळाला. तरी त्यांचा भरवसा बसला नव्हता. ते रोज दुपारी फिरत फिरत शाळेत यायचे, दारात चपला काढून विचारायचे, "वेंकोबा, आज अहे का मी?" सर शिकवणं थांबवून शोध घालत आणि सांगत, "अहां, अज्जा." मग ते समाधानानं घरी जात. हेडमास्तरीणबाईंनी हरकत घेतली, तेव्हा सरांनी सांगितलं की हे सिस्टिमचं रोजचं टेस्टिंग आहे.

या सगळ्याचा सरांना मनस्ताप मात्र झाला. मार्गशीर्षात मंडळींची समाराधना असते. सगळे जमतात, भाषणं होतात, मग पंगत. त्या वर्षी सर भाषणाला उभे राहिले आणि पोटतिडकीनं बोलले. एकच नाव किती पिढ्या चालवायचं, माणूस म्हणून ज्याचं त्याचं वेगळेपण नको का, यापुढे मुलांना नवी नावं ठेवा, दोन रेकॉर्ड सारखे असता कामा नयेत. तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. मी मामींच्या शेजारी बसले होते. त्या हातातल्या पंख्यानं वारा घेत पुटपुटल्या, "हें काय सांगतायत हे? स्वतःच्याच पायावर धोंडा."

सरांना ते चार दिवसांनी कळलं. लॅबमध्ये आमचा तास चालू होता, फोन वाजला. सरांचे हात कीबोर्डवर होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला. भीमू अण्णा होता.

"अप्पा, व्हिडिओ पाहिला. चोखोट बोललांत. आम्हीहि तोच विचार करतों. मुलगा झाला तर वेगळंच नांव ठेवूं, कोणाचं नसेल असं. तुम्हीच शिकविलांत ना."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच सर म्हणाले आणि फोन ठेवला. फळ्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य पुसलं आणि आम्हाला वीस मिनिटं आधी सोडलं. असं दोन वर्षांत कधी झालं नव्हतं. बाहेर चपला घालताना सेल्वीनं मला विचारलं, सरांना काय झालं? मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांनी सांगायचं ना, मला तेच नाव हवंय म्हणून. मी म्हटलं, त्यांना कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल झालं. परीक्षक बाई बाहेरच्या शाळेतल्या, कडक. माझ्या मशीनपाशी येऊन त्यांनी नोंदवही खाली ओढत नेली आणि चारशे बारावर थांबल्या.

"नावच नाही. ही ओळ कशाला ठेवलीये? ज्यांचं नाव रिकामं आहे त्या ओळी डिलीट करणारी क्वेरी लिही आणि चालव."

परीक्षा चालू असताना सरांना बोलायची बंदी. ते दारापाशी उभे होते. बाळ त्याच आठवड्यात व्हायचं होतं. सर खाली, चपलांच्या रांगेकडे बघत होते. मला एकाएकी रडू यायला लागलं. ती ओळ जाऊन काही बिघडणार नव्हतं, दोन मिनिटांत परत टाइप करता आली असती, हे मला कळत होतं. पण माझ्या हातून ती पुसवेना.

मी लिहिलं, नाव 'रिकाम्याइतकं' असेल तर पूस. म्हणजे नेमकी तीच चूक, जी करू नका म्हणून सरांनी महिनाभर पान मांडून सांगितलं होतं. एंटर दाबलं. शून्य ओळी पुसल्या गेल्या.

"एवढं बेसिक येत नाही?" बाई म्हणाल्या आणि दोन मार्क कापले. वेळ संपली होती, त्या पुढच्या मशीनकडे गेल्या. सरांनी मान वर केली. मशीनवर झबलं घालायला ते माझ्यापाशी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "दोन मार्क गेले, अम्मा." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. सर कधी कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नसत.

मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी भीमू अण्णा जुनी शाळा बघायला म्हणून लॅबमध्ये आला. सेतुराव अज्जा नेहमीप्रमाणे आपली चौकशी करून बसलेच होते. त्यांनी विचारलं, नाव काय ठरलं? भीमू अण्णानं अभिमानानं सांगितलं, "विवान."

"चांगलं अहे. माझ्या पणतवाचं तेंच."

भीमू अण्णा हसला. पण शेवटी सरांचा विद्यार्थी. नोंदवही उघडून त्यानं शोध घातला. त्या साली आणि त्याच्या आदल्या दोन-तीन सालांत जन्मलेले पाच विवान निघाले. त्यानं मोबाइलवरची यादी काढली, तिचं नावच मुळी जगावेगळी नावं असं होतं. आरव टाकलं, चार. रेयांश, तीन. दोन तर एकाच गल्लीत, एकाच आद्याक्षराचे. तो एकेक टाकत गेला, अज्जा मोठ्यानं आकडा वाचत गेले. सर खिडकीपाशी उभे राहून निळ्या सुंगडीची घडी घालत होते. ती चार वेळा घालून झाली होती.

शेवटी भीमू अण्णानं वेंकोबा टाइप केलं. पाच ओळी आल्या. चौघांपुढे मयताची खूण होती.

"अप्पा, जिवंत एकच अहे."

"होय."

"तुम्हांस ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं कां नाहींत?"

"तूं विचारलं नव्हतंस," सर म्हणाले. भीमू अण्णा उठला, त्यांच्या हातातून साडी घेतली आणि मशीनवर घातली. उलटी घातली, ती सरांनी तशीच राहू दिली.

बारशाला भीमू अण्णानं ताटातल्या तांदळात अंगठीनं वेंकोबा लिहिलं. आता सुनेची पंचाईत. सासऱ्यांच्या नावानं पोराला हाक कशी मारायची? आमच्यात अशा पोरांना म्हणूनच एक घरचं नाव लागतं. मामींनी अंबी, किट्टू सुचवलं. सेतुराव म्हणाले की ते दहा-दहा आहेत, नंबरानं हाक मारा. चारशे बाराचं मग बारू झालं.

सोमवारी सरांनी मला आणि सेल्वीला लॅबमध्ये बोलावलं. चारशे बारावी ओळ उघडली. टाइप करायला त्यांनी मला सांगितलं. बी. वेंकोबा राव. एंटर त्यांनी दाबलं. आठव्या ओळीत बी. वेंकोबा राव, चारशे बाराव्या ओळीत बी. वेंकोबा राव. गल्ली तीच. सेल्वीनं आपण होऊन दोन्ही हात पाठीमागे घेतले.

गेल्या पोंगलला मी तंजावूरला गेले तेव्हा सरांना भेटायला गेले. रिटायर होताना शाळेनं त्यांना आंब्याच्या रंगाचं मशीन देऊन टाकलंय. ते ओसरीवर आहे, झबल्यासकट, आणि त्यात नोंदवही. दुपारचं जेवण झालं होतं. सर खूप वाळलेत. मी नोंदवही खाली-वर करून बघितली. सेतुराव अज्जा आदल्या वर्षी गेले, ते मला आईकडून कळलं होतं. पण त्यांच्या ओळीत खूण नव्हती, तारखेचा रकाना मोकळा होता.

"सर, हें भरायचं राहिलंय."

"राहिलं नाहीं," सर म्हणाले. "एकदां मारलं त्यांना. पुन्हा माझ्या हातून नको."

तेवढ्यात बारू आला. पाच वर्षांचा, हातात ऊस, अंगभर चिकट. त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, सेतुरावांसारखा ओसरीच्या टोकाला उभा राहिला आणि म्हणाला, "अज्जा, आज अहे का मी?" हे त्याला कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. दर सुट्टीत तो याच ओसरीवर सेतुरावांच्या मांडीवर बसून हे ऐकत आला होता.

सरांनी जिवंतांत शोध घातला. दोन ओळी आल्या. त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा तूं. अहेस. वरचा मी."

बारूनं उसाचा चोथा थुंकला आणि वाकून दोन्ही ओळी पाहिल्या. त्याला वाचता येत होतं. "दोन्ही सारखंच लिहिलंय," तो म्हणाला. "एक पुसायचं का?"

"कधीं पुसायची वेळ आली तर वरची पूस," सर म्हणाले. "खालच्या ओळीला हात लावूं नको."